आवाजाचे मानकरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत डमडम येथे दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाने एखादा वार्षिक पुरस्कार सुरू करावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. पुरस्कार कलावंताला द्यावा, एवढ्यावर सर्वांचे एकमत आहे. मात्र कोणत्या कलावंताला, या प्रश्नाचा निर्णय अद्याप लागलेला नाही. नाटकातील नायकाला द्यावा, असे एक मत आहे. गायकाला द्यावा, असे दुसरे. या चर्चेत उपयोगी पडेल असे काही आम्हांस ठाऊक आहे, म्हणून आजच्या व्याख्यानाला आम्ही हाच विषय घेतला आहे. पडद्यावर दिसणाऱ्या आणि पडद्यामागून ऐकू येणाऱ्या कलावंतांचा सन्मान आपल्या देशात कसकसा होत गेला, कोणाचा झाला आणि कोणाचा राहून गेला, याचा हा धावता आढावा आहे. धावता म्हणण्याचे कारण इतकेच की, ज्या ठिकाणी आम्हांला थांबावेसे वाटेल त्या ठिकाणी आम्ही थांबणार आहोत आणि बाकीच्या ठिकाणांवरून नुसते पुढे जाणार आहोत.

या विषयावर बोलण्यास डमडमइतकी योग्य जागा दुसरी नाही. डमडमचे नाव साऱ्या जगात गेले ते येथील दारूगोळ्याच्या कारखान्यातून निघालेल्या एका क्रूर गोळीमुळे. त्या जातीची गोळी युद्धात वापरू नये, असा ठराव १८९९ साली हेगच्या परिषदेत झाला, हे आपणांस ठाऊकच आहे. परंतु हिंदुस्थानातल्या घराघरांत डमडम पोहोचले ते त्या गोळीमुळे नव्हे. ग्रामोफोन कंपनीने १९०८ साली सियालदहला तबकड्यांचा कारखाना काढला आणि १९२८ साली तो येथे, जेसोर रोडवर, आणला. कुत्रा आणि कर्णा असे चित्र असलेल्या त्या तबकडीने मराठी माणसाला त्याची नाट्यपदे, त्याची भावगीते आणि पुढे बोलपटांतील गाणी दिली. मुंबईत गाणे मुद्रित होई, मेणाची तबकडी जपून बांधून आगगाडीने इकडे येई, येथे तिच्यावरून धातूचा ठसा तयार होई, आणि लाखेच्या काळ्या लगद्यावर तो ठसा दाबला की साडेतीन मिनिटांचे गाणे बाहेर पडे. पुण्याच्या वाड्यात वा नागपूरच्या महालात ज्या गाण्यावर माना डोलल्या, त्या गाण्याला अखेरचा आकार डमडमच्या कामगाराच्या हातांनी दिलेला असे. त्या कामगाराचे नाव तबकडीवर नसे. तसा आग्रह कोणी धरलाही नाही, आणि आम्हीही आज तो धरणार नाही. पण ज्याने गाइले त्याचे नाव तरी तबकडीवर असावे की नाही? हा प्रश्न या कारखान्याशी अगदी जवळचा आहे. कारण तबकडीच्या मधोमध जो गोल कागद चिकटे, तो येथेच चिकटत असे.

आरंभी परिस्थिती बरी होती. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गाणे संपताच बाईंनी इंग्रजीत आपले नाव ठणकावून सांगितले. त्या काळी तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तेथील कारागिरांना ही कोणाची चीज आहे हे कळावे, म्हणून गायकाने शेवटी आपले नाव उच्चारण्याचा प्रघात पडला होता. सोय कारखान्याची होती, पण तिच्यामुळे गायिकेचे नाव तिच्याच आवाजात कायमचे कोरले गेले. एका अर्थाने आपल्याकडील आवाजाच्या कलावंताचा पहिला सन्मान तो हाच, आणि तो तिने आपला आपण करून घेतला.

हे नाव पुसले जाऊ लागले ते बोलपटांनी. आणि ते पुसण्याची सोय झाली तीही कलकत्त्यातच, टॉलिगंजला. १९३५ साली न्यू थिएटर्सने नितीन बोस यांच्या दिग्दर्शनाखाली 'भाग्यचक्र' हा बंगाली बोलपट आणि त्याचीच 'धूप छाँव' ही हिंदी आवृत्ती काढली. तोवर नट-नटी छायालेखनाच्या वेळीच गात असत. वादक झाडाआड नाहीतर पडद्याआड दडून बसत. या बोलपटात गाणे आधी मुद्रित करून मग त्यावर ओठ हलविण्याची युक्ती वापरली गेली. पार्श्वगायनाचा जन्म तो हा. त्याचे श्रेय नितीन बोस, रायचंद बोराल आणि पंकज मलिक यांच्याकडे जाते, आणि ते योग्यच आहे. पुढे तिघांनाही दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला : मलिक यांना १९७२ चा, बोस यांना १९७७ चा आणि बोराल यांना १९७८ चा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या एका मराठी माणसाच्या नावाचा सर्वोच्च सन्मान टॉलिगंजच्या एकाच कामगिरीतील तिघांकडे जावा, याचा आपणां उभयपक्षी ऋणानुबंध असलेल्यांना विशेष आनंद वाटतो. पण श्रोतेहो, त्या पहिल्या पार्श्वगीतात ज्यांचे आवाज होते, त्या पारुल घोष, सुप्रभा सरकार आणि हरिमती यांची नावे आपणांपैकी किती जणांनी ऐकली आहेत? पारुल घोष यांचे नाव निघालेच तर अनिल विश्वासांची बहीण किंवा पन्नालाल घोषांची पत्नी म्हणून निघते. युक्ती काढणाऱ्यांना फाळके पुरस्कार मिळाला. जिच्या गळ्यावर ती युक्ती उभी राहिली, ती नात्याने ओळखली जाते.

त्याच सुमारास एक मराठी बाई याच शहरात येऊन गेल्या, त्यांचाही उल्लेख येथे करावयास हवा. दुर्गाबाई खोटे १९३४ साली ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता' या बोलपटात देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली सीता झाल्या. तो बोलपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला आणि तेथे त्याला सन्मानपत्र मिळाले. १९३७ साली स्थापन झालेल्या बंगालच्या चित्रपट-पत्रकार संघाने पुढे लागोपाठ दोन वेळा, 'चरणों की दासी' आणि 'भरत मिलाप' या चित्रपटांसाठी, दुर्गाबाईंना उत्कृष्ट अभिनेत्री ठरविले. ही गोष्ट १९४२-४३ ची. फिल्मफेअरचा जन्म व्हायला त्या वेळी एक तप होते आणि दिल्लीचे सरकार अद्याप इंग्रजांचे होते. मराठी अभिनेत्रीचा गुणगौरव करणारी आरंभीची पारितोषिके बंगाल्यांनी दिली, ही गोष्ट मुंबईकर सहसा बोलून दाखवीत नाहीत. आपण ती बोलून दाखवावी. बाईंना १९८३ चा फाळके पुरस्कार मिळाला तो त्यानंतर चार दशकांनी.

आता आपण मूळ प्रश्नाकडे, म्हणजे तबकडीवरच्या त्या गोल कागदाकडे येऊ. १९४९ साली 'महल' हा बोलपट आला. खेमचंद प्रकाश यांचे संगीत, पडद्यावर मधुबाला, आणि आवाज वीस वर्षांच्या लता मंगेशकरांचा. ते गाणे देशभर गेले. पण तबकडीवर गायिकेचे नाव होते 'कामिनी'! कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचे नाव. आज हे वाचून आपण हसतो. त्या काळी त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. पडद्यावर जी दिसते तीच गाते, हा भ्रम विकत घ्यायला प्रेक्षक पैसे मोजतो. मग कागदावर खरे नाव छापून तो भ्रम कशाला मोडा, असा हिशेब होता. आकाशवाणीवर ते गाणे लागू लागले तेव्हा श्रोत्यांनी ही गायिका कोण म्हणून पत्रांवर पत्रे पाठविली आणि मग नाव विचारून ते सांगावे लागले, अशी हकीकत सर्वत्र सांगितली जाते. ज्यांनी जुन्या तबकड्या सांभाळल्या आहेत त्यांनी घरी जाऊन पाहावे : त्या दशकातल्या कित्येक तबकड्यांवर चित्रपटाचे नाव ठळक आहे, आणि गाणाऱ्याच्या जागी एक तर पात्र आहे किंवा काहीच नाही. कारखान्यात जो मजकूर येई तो छापला जाई. कारखान्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

नाव आले, पण पारितोषिकाची कथा याहून लांबली. १९५४ साली फिल्मफेअरची पारितोषिके सुरू झाली. समीक्षक क्लेअर मेन्डोन्सा यांच्या स्मरणार्थ त्यांना प्रथम 'क्लेअर्स' असे म्हणत. पहिल्या वर्षी पारितोषिके पाचच होती : चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीतदिग्दर्शक. 'बैजू बावरा'साठी नौशाद यांना संगीताचे पारितोषिक मिळाले. त्या चित्रपटाची गाणी ज्यांनी अजरामर केली त्या रफी आणि लता यांच्यासाठी त्या यादीत जागाच नव्हती. गीतकारालाही नव्हती. १९५७ च्या समारंभात 'चोरी चोरी'साठी शंकर-जयकिशन यांना संगीताचे पारितोषिक जाहीर झाले. समारंभात त्या चित्रपटातले गाणे लताबाईंनी येऊन म्हणावे, असे जयकिशन यांनी त्यांना सांगितले. लताबाईंनी नकार दिला. पारितोषिक संगीताला आहे, गाण्याला नाही. तेव्हा वाद्यवृंदाने ते नुसते वाजवावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या नकाराची हकीकत लताबाईंनी स्वतःच पुढे मुलाखतींतून सांगितली आहे. दोन वर्षांनी, १९५९ साली, फिल्मफेअरने पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू केले. पहिले मिळाले लताबाईंनाच, आणि ते 'मधुमती'साठी. दिग्दर्शक बिमल रॉय, संगीतकार सलिल चौधरी आणि गायिका मराठी. गीतकाराचे पारितोषिकही त्याच वर्षी सुरू झाले आणि ते शैलेंद्र यांच्याकडे गेले. एका गायिकेच्या हट्टाने कवीलाही घर मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रसंगाकडे आम्ही फार महत्त्वाचे म्हणून पाहतो. लताबाईंच्या स्वभावाविषयी, त्यांच्या मानीपणाविषयी पुष्कळ बोलले गेले आहे, आणि त्यांपैकी सगळेच निराधार असेल असे नाही. पण त्या दिवशी त्या गाइल्या असत्या, तर टाळ्या पडल्या असत्या, हारतुरे झाले असते आणि पारितोषिकांच्या यादीत गायकाचा रकाना किती वर्षे रिकामा राहिला असता, कोण जाणे. पुढे पहा. स्त्री आणि पुरुष गायकांत मिळून पारितोषिक एकच होते. दोन स्वतंत्र पारितोषिके झाली १९६८ पासून. त्या वर्षी महेंद्र कपूर आणि आशा भोसले यांना ती मिळाली. १९७० नंतर लताबाईंनी आपला विचार करू नये, नव्यांना वाव द्यावा असे सांगितले. आशाबाईंनीही १९७९ च्या सातव्या पारितोषिकानंतर तसेच कळविले. दोघी मंगेशकर भगिनींनी पारितोषिक मागितलेही आणि सोडलेही. सोडण्याची गोष्ट मागण्याइतकी कोणी सांगत नाही.

सरकारी पारितोषिकांची चाल याहून सावकाश होती. राष्ट्रीय पारितोषिके १९५४ साली सुरू झाली आणि १९५३ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले, हा आपणां मराठी माणसांच्या कायम जिभेवर असलेला अभिमानाचा विषय आहे. पण ते पदक चित्रपटाला होते. आई झालेल्या वनमालाबाईंना किंवा श्याम झालेल्या माधव वझे यांना अभिनयाचे पदक मिळण्याची सोयच नव्हती, कारण तशी पदके अस्तित्वात नव्हती. ती आली १९६७ च्या चित्रपटांपासून. नटाचे पहिले पदक उत्तमकुमार यांना 'अँटनी फिरिंगी' आणि 'चिडियाखाना' या दोन चित्रपटांसाठी, नटीचे नर्गिस यांना 'रात और दिन'साठी, गायकाचे महेंद्र कपूर यांना 'उपकार'साठी. गायिकेचे पदक आणखी एक वर्षाने आले आणि ते तमिळ चित्रपटासाठी पी. सुशीला यांना मिळाले. त्यानंतर मात्र मराठी आवाजांनी त्या यादीत आपली जागा चांगलीच पटकाविली आहे. लताबाई तीनदा, आशाबाई दोनदा, 'अनकही'साठी पंडित भीमसेन जोशी. आणि अलीकडच्या काळात 'बालगंधर्व'साठी आनंद भाटे, 'कट्यार काळजात घुसली'साठी महेश काळे, 'मी वसंतराव'साठी राहुल देशपांडे. या शेवटच्या तिघांच्या चित्रपटांकडे लक्ष द्यावे : तिन्ही चित्रपट मराठी रंगभूमीच्या गाण्यावर उभे आहेत. ज्या बालगंधर्वांच्या काळी असले पदक कोणाच्या स्वप्नातही नव्हते, त्यांची पदे आजच्या गायकाने म्हटली आणि त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. खुद्द बालगंधर्वांना संगीत नाटक अकादमीने १९५५ साली सन्मानिले, ते अभिनयासाठी. आपल्याकडे ते आधी गायक की आधी नट हा वाद अजून चालू आहे. दिल्लीकरांनी तो आपल्यापुरता मिटविला होता!

ज्यांना पारितोषिके मिळाली त्यांची नावे घेणे सोपे असते. ज्यांना मिळाली नाहीत त्यांच्यापैकी एकच नाव आम्ही येथे घेणार आहोत : सुमन कल्याणपूर. त्यांचा जन्म १९३७ सालचा आणि तो ढाक्याचा. म्हणजे बंगालच्या मातीशी त्यांचा संबंध आपणांपैकी अनेकांपेक्षा जुना. मराठी भावगीतात त्यांचे स्थान काय, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. हिंदीत मात्र त्यांचा आवाज वारंवार लताबाईंचा समजला गेला. त्यांचे गाणे लागे आणि ऐकणारा दुसऱ्याच नावाने वाहवा करी. फिल्मफेअरचे पारितोषिक त्यांना कधी मिळाले नाही. २०२३ साली पद्मभूषण मिळाले तेव्हा त्यांचे वय शहाऐंशीच्या घरात होते. उशीर झाला म्हणून आम्ही कोणाला दोष देत नाही, परंतु आवाज ओळखणे हे ज्यांचे काम त्यांनी आवाज ओळखला नाही, एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही. चेहरा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे असे सहसा होत नाही. आवाजाचे मात्र ते सहज होते, आणि म्हणूनच आवाजाच्या कलावंताला नावाची गरज अधिक.

आतापर्यंत आम्ही गाणाऱ्यांविषयी बोललो. बोलणाऱ्यांची स्थिती याहून बिकट आहे. आपल्या शहराचेच उदाहरण घ्या. १९९९ च्या चित्रपटांच्या राष्ट्रीय पारितोषिकांत ऋतुपर्ण घोष यांच्या 'बाडीवाली' या बंगाली चित्रपटासाठी किरण खेर यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचे पदक मिळाले. पाठोपाठ बंगाली अभिनेत्री रीता कोइराल यांनी सांगितले की, त्या भूमिकेला आवाज आपला आहे, आणि सन्मानात आपलाही वाटा असावा. वृत्तपत्रांतून वाद रंगला. पदक किरण खेर यांच्याकडेच राहिले. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरविण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. पण प्रश्न खरा आहे. हुंदका एकीचा आणि डोळे दुसरीचे असतील तर अभिनय कोणाचा? गाण्याच्या बाबतीत हा प्रश्न आपण १९५९ साली सोडविला. बोलण्याच्या बाबतीत अद्याप सोडविलेला नाही. केरळ राज्याने १९९१ पासून आवाज देणाऱ्या कलावंतासाठी स्वतंत्र पारितोषिक ठेवले आहे. राष्ट्रीय पारितोषिकांत तसा विभाग नाही. 'बाहुबली' हिंदीत गाजला तो प्रभास यांच्या देहयष्टीइतकाच शरद केळकर यांच्या भारदस्त आवाजाने, आणि 'पुष्पा' हिंदी प्रेक्षकाच्या तोंडी बसला तो श्रेयस तळपदे यांच्या आवाजाने. दोघेही मराठी, त्यांपैकी केळकर तर ग्वाल्हेरचे, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे! या दोघांची नावे निदान लोकांना कळली. त्यांच्या मागे जे शेकडो आहेत, जे परदेशी मालिकांतील उंदरामांजरांपासून राजेमहाराजांपर्यंत सर्वांना आपला गळा देतात, त्यांची नावे पडद्यावर आली तरी वाचता येण्याच्या आत निघून जातात.

दूरच्या एका देशाकडे येथे थोडे पाहू. मंडळाच्या काही सभासदांची मुले टोरांटोला स्थायिक झाली आहेत, तेव्हा कॅनडा आपल्याला अगदीच परका नाही. तेथील नट आणि आवाजाचे कलावंत यांची 'ॲक्ट्रा' नावाची संघटना आहे. तिचे मूळ १९४३ सालचे, आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ते मूळ नभोवाणीवर बोलणाऱ्या कलावंतांनी रोवले. म्हणजे तेथे संघटना आवाजापासून सुरू झाली आणि चेहरे मागाहून आले. या संघटनेने १९७२ पासून आपली पारितोषिके सुरू केली. त्या पुतळीला 'नेली' असे लाडके नाव होते. दूरचित्रवाणीबरोबर नभोवाणीच्या कलावंतांनाही ती मिळत. १९८६ साली दूरचित्रवाणीची पारितोषिके तेथील चित्रपट अकादमीकडे गेली, त्यांना 'जेमिनी' हे नाव मिळाले, आणि २०१३ पासून चित्रपट व दूरचित्रवाणी यांची मिळून 'कॅनेडियन स्क्रीन' पारितोषिके झाली. तथापि संघटनेच्या टोरांटो शाखेने २००३ पासून स्वतःची पारितोषिके पुन्हा सुरू केली, आणि त्यांत केवळ आवाजाच्या अभिनयासाठी स्वतंत्र पारितोषिक आहे. समव्यवसायी कलावंतांनी आपल्यातील कलावंताला दिलेला हा मान आहे. नियतकालिकाच्या वाचकाने दिलेला, सरकारने दिलेला आणि सहकाऱ्याने दिलेला, असे मानाचे तीन प्रकार धरले, तर तिसरा आपल्याकडे सर्वांत दुर्मिळ आहे. आम्हांला तो सर्वांत मोलाचाही वाटतो. कारण ध्वनिमुद्रणाच्या त्या बंद खोलीत कोणी काय केले, हे सहकाऱ्यालाच ठाऊक असते.

चौथा एक प्रकार आहे, त्याचे उदाहरण कलकत्त्यावाचून इतरत्र सापडणार नाही. महालयाच्या पहाटे चार वाजता वीरेंद्रकृष्ण भद्र यांचा चंडीपाठ आकाशवाणीवरून लागतो आणि बंगाल जागा होतो. बंगालबरोबर आपणही जागे होतो. आपल्यापैकी ज्यांची मुले येथेच वाढली, त्यांना काकडआरतीच्या आधी हा आवाज पाठ झाला. तिसाव्या दशकाच्या आरंभापासून चालत आलेला हा कार्यक्रम १९७६ साली बदलण्यात आला. भद्र यांच्या जागी आणले गेले खुद्द उत्तमकुमार, म्हणजे अभिनयाच्या राष्ट्रीय पदकाचे पहिले मानकरी, साऱ्या बंगालचे लाडके. लोक इतके संतापले की आकाशवाणीला जुना कार्यक्रम परत आणावा लागला. उत्तमकुमार यांनी वाईट काम केले, असे आम्ही म्हणत नाही. देशातील सर्वांत लोकप्रिय चेहऱ्यापैकी एक चेहरा एका बाजूला आणि कधीही न दिसलेला एक आवाज दुसऱ्या बाजूला, असा सामना झाला आणि लोकांनी आवाजाला कौल दिला. भद्र १९९१ साली गेले. त्यांची ओळख कोणी पदकांवरून करून देत नाही. त्या पहाटेनंतर त्याची कोणाला आवश्यकताही वाटली नाही.

असे असले तरी लोकांच्या प्रेमावर सर्व सोपवून मोकळे व्हावे, असे मात्र आम्हांस वाटत नाही. भद्र यांना ते प्रेम मिळाले, कारण त्यांचे नाव लोकांना माहीत होते. हरिमतींना ते मिळाले नाही. दुसरे असे की, प्रेमाने घर चालत नाही. साठीच्या दशकात लताबाई आणि रफी यांच्यात मानधनाच्या, म्हणजे तबकडीच्या विक्रीवरील हिश्श्याच्या, प्रश्नावरून बेबनाव झाला आणि काही काळ दोघे एकत्र गाइले नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. लताबाईंचा आग्रह गायकाला वाटा मिळावा असा होता; एकदा मोबदला घेतल्यावर हक्क संपला, असे रफी मानीत. दोघेही मोठे, दोघांचीही भूमिका प्रामाणिक. पण १९५७ च्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन गायकवादकांचा स्वामित्वधनावरील हक्क मान्य झाला, तो लताबाईंच्या बाजूने लागलेला निकाल आहे, असे आम्ही समजतो. तो लागला तेव्हा रफींना जाऊन बत्तीस वर्षे झाली होती.

आता मंडळाच्या पुरस्काराविषयी आमचे मत. नायकाला पुरस्कार देण्यास आमचा विरोध आहे, असे कोणी समजू नये. पण गेल्या पन्नास वर्षांत आपल्या गणेशोत्सवातील नाटकांचे जे कार्यक्रमपत्रक छापले गेले, त्यांत नायक-नायिकेचे नाव नेहमीच ठळक आले आहे. पडद्याआडून संवाद पुरविणाऱ्याचे नाव बहुतेक पत्रकांत नाही. राक्षसाचा, देवदूताचा, दूरध्वनीवरील माणसाचा, दाराबाहेरच्या पाहुण्याचा आवाज ज्याने काढला, त्याचे नाव कोठेच नाही. ध्वनिक्षेपकावरून दहा दिवस निवेदन करणाऱ्या भगिनींची नावे तर कोणी विचारलीही नाहीत. पुरस्कार यांच्यासाठी असावा, आणि तो कोणाला द्यायचा हे परीक्षक मंडळाने न ठरविता त्या नाटकात काम केलेल्या सर्व कलावंतांनी मते देऊन ठरवावे, अशी आमची सूचना आहे. रकमेचा विचार खजिनदारांनी करावा. मोठी रक्कम नसली तरी चालेल. पुरस्कारावर त्या व्यक्तीचे पूर्ण नाव, नाटकाचे नाव आणि वर्ष स्वच्छ अक्षरांत कोरलेले असावे. 'पडद्यामागील कलाकार' असे मोघम लिहू नये.

आणखी एक विनंती. आपणांपैकी कित्येकांच्या घरी, माळ्यावर किंवा ट्रंकेत, डमडमच्या जुन्या तबकड्या असतील. मराठी असोत, हिंदी वा बंगाली असोत. त्या विकू नका, टाकू नका. प्रत्येक तबकडीच्या गोल कागदावरील संपूर्ण मजकूर जसाच्या तसा एका कागदावर उतरवून घ्यावा. गाण्याचा पहिला शब्द, चित्रपट किंवा नाटक, छापलेले नाव आणि कडेला कोरलेला क्रमांक, इतके पुरे. गाणाऱ्याचे नाव छापलेले नसेल आणि आपणांस ते खात्रीने ठाऊक असेल, तर ते समोर वेगळ्या शाईने लिहावे. हे कागद मंडळाच्या कार्यालयात चिटणीसांकडे द्यावेत. सर्व नावांची एक वही करून ती ग्रंथालयात ठेवण्याचे त्यांनी मान्य केले आहे. कागद द्यायला येताना तबकडी बरोबर आणू नये. लाखेच्या त्या तबकड्या ट्रामच्या धक्क्यानेसुद्धा तडकतात.